राजकीय नाटकांचा मोसम आणि युवा गट: आखणी कशी करावी?

तिसरी_घंटा

नमस्कार मंडळी. हौशी नाट्यमंडळाचा जुलै ते जानेवारी असा मोसम आखायचा आहे. चार प्रयोग, आणि चारही राजकीय. राजकीय म्हणजे पक्षांचं नव्हे, सत्तेचं. कोण ठरवतं, कुणाला विचारलंच जात नाही, हे दाखवणारं नाटक. त्यातला एक प्रयोग पूर्णपणे १५ ते २१ वयाच्या मुलामुलींचा असेल. सोळा जण तयार आहेत, त्यातले सात १८ च्या आतले.

तालुक्याचं गाव. सभागृह १५० खुर्च्यांचं. रंगमंच २४ फूट रुंद, १८ फूट खोल, विंगा जेमतेम ४ फुटांच्या. वीज साधी, १६ अँपिअरची दोन सर्किटं.

अडलंय ते असं: कुठली नाटकं हक्कांच्या कटकटीशिवाय करता येतील? युवा गटाला तयार संहिता द्यावी की त्यांनीच नाटक उभं करावं? आणि तो प्रयोग कधी लावावा? खर्च आवाक्यातला हवा. अनुभवी मंडळींनी नेमकं सांगावं.

विंगेतून

आधी कॅलेंडर भिंतीवर लावा, मग संहितेचं बघा. बहुतेक मंडळं उलटं करतात आणि प्रयोगाच्या आठवड्यात मुख्य पात्र परीक्षेला बसलेलं असतं.

जानेवारी युवा गटासाठी बाद. दहावी-बारावीच्या पूर्वपरीक्षा, पाठोपाठ प्रात्यक्षिकं, फेब्रुवारीत बोर्ड. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा असतात. पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे आणि त्याच्या धर्तीवरच्या स्पर्धा आता जिल्ह्याजिल्ह्यात आहेत, त्यामुळे महाविद्यालयातली चांगली मुलं तिकडे गुंतलेली. उरतो नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. दिवाळीची सुट्टी तालमीला मिळते हा त्याचा सर्वांत मोठा फायदा.

तासांचा हिशोब: नवख्या सोळा जणांच्या ६० मिनिटांच्या नाटकाला ६० ते ७० तास तालीम लागते. सप्टेंबरच्या मध्यापासून आठवड्यातून दोन दिवस अडीच-अडीच तास धरले तर दिवाळीपर्यंत साधारण ३० तास होतात. सुट्टीत लक्ष्मीपूजन ते भाऊबीज सोडून दहा दिवस रोज सकाळी तीन तास, झाले आणखी ३०. शेवटचे दहा तास प्रत्यक्ष रंगमंचावरच हवेत. शाळेच्या वर्गात बसवलेलं ब्लॉकिंग (कुणी कुठे उभं राहायचं, कुठे हलायचं) २४ फुटांवर आलं की सगळे मध्यभागी गोळा होतात. म्हणून तालमीच्या जागीच पहिल्या दिवशी जमिनीवर खडूने २४ बाय १८ आखून घ्या, विंगांच्या तोंडासकट.

शिक्कामोर्तब

हक्कांचं सांगतो. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि ती ६० वर्षं पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजायची. त्यामुळे:

खाडिलकर १९४८ मध्ये गेले, म्हणजे २००९ पासून मोकळे. फुले, देवल, गडकरी तर केव्हाच. अण्णाभाऊ साठे १९६९ मध्ये गेले, त्यांचं लेखन ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत हक्कात आहे. तेंडुलकर २००८ मध्ये गेले, म्हणजे २०६८ अखेर.

जर्मन नाटककार ब्रेख्तच्या बाबतीत लोक हमखास चुकतात. तो १९५६ मध्ये गेला, त्यामुळे भारतात मूळ नाटकं २०१७ पासून मोकळी आहेत. पण मराठी रूपांतर मोकळं नाही! ‘अजब न्याय वर्तुळाचा’ खानोलकरांचं आहे, ते १९७६ मध्ये गेले, म्हणजे २०३६ अखेरपर्यंत हक्क. ‘तीन पैशाचा तमाशा’ पु. लं.चं, म्हणजे २०६० अखेर. मूळ जर्मन वाचून स्वतः मराठी केलंत तर प्रश्न नाही. इंग्रजी भाषांतरावरून केलंत तर त्या इंग्रजी भाषांतरकाराचा हक्क आड येतो.

आणखी एक तरतूद हौशी मंडळांना माहीत असायला हवी. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये हौशी संस्थेने पैसे न घेता प्रेक्षकांपुढे केलेला नाट्यप्रयोग हक्कभंग मानलेला नाही. तिकीट लावलं की ही सूट संपली. ‘प्रवेशिका मोफत पण देणगी सक्तीची’ असला प्रकारही करू नका. आणि ही सूट फक्त प्रयोगाला आहे. संहिता कापणं, रूपांतर करणं यासाठी परवानगी लागतेच.

माळावरचा_मांडव

+१. सूट असली तरी लेखक हयात असेल तर पत्र लिहावंच. मराठीतल्या बऱ्याच नाटककारांना हौशी मंडळाचं पत्र आलं की आनंद होतो, मानधनही जमेल तेवढं घेतात. परवानगी लेखी घ्या. प्रयोगांची संख्या, ठिकाण, तारीख आणि मानधन, चारही गोष्टी त्यात हव्यात.

विदूषक_अठराशेपंचावन्न

युवा गटासाठी माझं एकच नाव: जोतीराव फुल्यांचं ‘तृतीय रत्न’. १८५५ चं. हक्कमुक्त आहे. मराठी पुस्तकांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीने नाकारलेलं नाटक, यातच त्याचं राजकारण आलं.

गोष्ट सरळ आहे. जोशी एका गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालून तिच्या घरचं शेवटचं दाणापाणी काढून घेतो. मध्ये पाद्री येतो, वाद होतो, नवरा-बायकोचे डोळे उघडतात आणि ती दोघं शिकायला जायचं ठरवतात. या सगळ्यात विदूषक सतत बाजूला उभा राहून प्रेक्षकांशी बोलतो.

सोळा जणांचं गणित तिथेच सुटतं. विदूषक एकाला देऊ नका, सहा जणांत वाटा. सहा जण रंगमंचाच्या कडेला तीन-तीन बसलेले, प्रत्येक शेरा वेगळ्या तोंडून, आणि एखादा नेमका शेरा सहाही जणांनी मिळून. अठरा वर्षांच्या मुलीने जोशीबुवांच्या हिशोबाकडे बोट दाखवून प्रेक्षकांना प्रश्न विचारला की ते लगेच आजचं होतं, वर एक शब्दही घालावा लागत नाही.

भाषा जुनी आहे, वाक्यं लांब आहेत. पूर्ण नाटक सव्वा तासाच्या पुढे जाऊ देऊ नका. जोशी आणि कुणबीण यांचा पहिला प्रसंग मात्र अजिबात कापू नका. जोशी एकेक वस्तू कशी वाढवत नेतो, हेच तर बघायचं आहे. तिथे खरं सूप, खरी पायली, खरे दाणे वापरा. दाणे ओतल्याचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत जातो. प्रत्येक मागणीला पायलीतले दाणे कमी होताना दिसले पाहिजेत, म्हणून पायली प्रेक्षकांच्या बाजूला थोडी कललेली ठेवायची, खाली पाचरीचा तुकडा देऊन.

पडदा_वर

सूचना उत्तम. पण कापाकापीत पहिला बळी पाद्र्याचा जातो, ते होऊ देऊ नका. आजच्या प्रेक्षकाला पाद्री खटकेल म्हणून त्याच्या जागी ‘शिक्षक’ टाकण्याचा मोह होतो. तसं केलं की फुल्यांचा मुद्दाच बदलतो. १८५५ मध्ये ज्ञानाचं दार कुठून उघडत होतं आणि कुठून बंद होतं, हे नाटकात स्पष्ट आहे. ते प्रेक्षकाला अडचणीचं वाटलं तर वाटू द्या. चर्चा तिथूनच सुरू होईल.

विदूषक_अठराशेपंचावन्न

मान्य. पाद्री ठेवायचा, त्याची लांब भाषणं मात्र संवादात फोडायची. चार ओळी तो बोलतो, मध्ये कुणबी एक प्रश्न विचारतो. कुणबी नुसता ऐकत उभा राहिला तर तो मूर्ख दिसतो आणि नाटक उलटं पडतं.

चौकट_मोडा

माझं मत वेगळं आहे. पंधरा वर्षांच्या मुलांच्या तोंडी १७० वर्षांपूर्वीची वाक्यं घालून ‘युवा रंगभूमी’ म्हणणं मला पटत नाही. त्यांच्या आयुष्यात सत्ता कुठे भेटते? एस.टी.चा पास, वसतिगृहाची वेळ, मोबाइल कुणाच्या हातात, मुलीचं शिक्षण कधी थांबवायचं. यावर त्यांनीच नाटक उभारावं.

ब्राझीलचा रंगकर्मी ऑगुस्तो बोआल याचं फोरम थिएटर यासाठीच आहे. भारतात १९८५ मध्ये सुरू झालेली पश्चिम बंगालची जनसंस्कृती ही संस्था खेड्यांत हे करते आहे. पद्धत अशी: १० ते १२ मिनिटांचा प्रसंग, ज्यात एका व्यक्तीवर अन्याय होतो आणि ती हरते. प्रसंग एकदा पूर्ण दाखवायचा. मग पुन्हा सुरू करायचा. प्रेक्षकांतल्या कुणालाही ‘थांबा’ म्हणून वर येता येतं, दबलेल्या पात्राची जागा घेऊन वेगळं काही करून बघता येतं. इतर नट आपापल्या पात्राला धरून विरोध करतात. मध्ये जोकर असतो, म्हणजे आपला सूत्रधारच. तो नियम सांगतो, प्रश्न विचारतो, पण उत्तर देत नाही.

काय बिघडतं तेही सांगतो. प्रेक्षक जुलूम करणाऱ्याची जागा घ्यायला येतात आणि त्याला एकदम चांगला करून टाकतात. ते चालत नाही, जोकरने नम्रपणे थांबवायचं. दुसरं, ‘अचानक लॉटरी लागली’ छापाची जादू. तेव्हा जोकरने सभागृहाला विचारायचं, ‘हे खरंच होऊ शकतं का?’ तिसरी आणि सर्वांत मोठी चूक तालमीतली असते: दबलेलं पात्र इतकं गरीब गाय करून ठेवतात की त्याला काही करायला वावच उरत नाही. प्रसंगात निदान तीन जागा अशा हव्यात जिथे ती व्यक्ती वेगळं वागू शकली असती. संहिता लिहिताना त्या जागांवर लाल खूण करा. तीन खुणा नसतील तर प्रसंग अजून तयार नाही.

झालर

चौकट_मोडा, पद्धत चांगली आहे, पण तिसरी_घंटा महाराष्ट्रात आहेत हे लक्षात घ्या. इथे जाहीर प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे संहिता आधी तपासणाऱ्या मंडळाचं, प्रमाणपत्र लागतं, आणि ते संहितेला मिळतं. तालमीत रोज बदलणारी संहिता घेऊन कुठे जाणार? स्वतः उभारलेल्या नाटकांची गाडी इथेच अडते. मुलं प्रयोगाच्या आदल्या रात्रीपर्यंत वाक्यं बदलत असतात.

हौशी_भोपळे

तो १८७६ चा इंग्रजांचा नाट्यप्रयोग कायदाच ना? खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर बंदी आली ती त्यानेच? अजून चालू आहे?

झालर

नाही, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १८७६ चा तो केंद्रीय कायदा २०१८ मध्ये जुने कायदे रद्द करताना रद्द झाला. महाराष्ट्रातलं प्रमाणपत्र येतं ते महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ खालच्या नियमांमधून. अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये उच्च न्यायालयात आव्हान दिलं ते या पूर्वपरिनिरीक्षणालाच.

‘कीचकवध’ १९०७ चं, बंदी १९१० ची. कीचक म्हणजे व्हाइसरॉय कर्झन, द्रौपदी म्हणजे देश, युधिष्ठिर मवाळ आणि भीम जहाल, हे प्रेक्षकाला कुणी सांगावं लागलं नाही. रंगमंचावर एकाही इंग्रजाचं नाव नाही. राजकीय नाटकाला पाट्या लागत नाहीत, याचं याहून चांगलं उदाहरण मराठीत नाही.

व्यवहाराचं बोलायचं तर, संहिता प्रयोगाआधी दोन महिने पाठवा. म्हणजे नोव्हेंबरच्या प्रयोगाची संहिता सप्टेंबरअखेर पक्की. टंकलिखित, पानांना क्रमांक, गाणी पूर्ण लिहिलेली. ‘येथे गाणे’ असं लिहून सोडू नका. प्रमाणपत्र आल्यावर वाक्यं बदलायची नाहीत. प्रमाणपत्राची एक प्रत प्रयोगाच्या दिवशी तिकीटखिडकीजवळ ठेवा, विचारणा झाली की तिथेच दाखवता येते.

चौकट_मोडा

मग मधला मार्ग: मुलांनी नाटक उभारायचं, पण जुलै-ऑगस्टमध्ये. पहिले दोन आठवडे फक्त सामग्री. प्रत्येकाने गावातली एक जागा निवडून तिथे एक तास बसायचं, जे ऐकू येईल ते वहीत. तलाठी कार्यालय, एस.टी. स्टँड, रेशनचं दुकान. माणसांची नावं लिहायची नाहीत. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्यातून उत्स्फूर्त प्रसंग, सगळे मोबाइलवर ध्वनिमुद्रित. वीसेक प्रसंग होतात, त्यातले सहा-सात ठेवायचे. पाचव्या आठवड्यापासून एकाच व्यक्तीने लेखन करायचं. सोळा जणांनी मिळून लिहिलेलं नाटक कुणाच्याच तोंडात बसत नाही. ऑगस्टअखेर वाचन, सप्टेंबरअखेर संहिता रवाना.

फोरमचा प्रसंगही संहितेत पूर्ण लिहायचा आणि नंतर प्रेक्षकांसह चर्चा होईल हे अर्जात स्पष्ट नमूद करायचं. लपवाछपवी नको.

गण_ते_वग

इतका वेळ कुणी लोकनाट्याचं नाव काढलं नाही याचं नवल वाटतंय. राजकीय नाटक मराठीत गावोगाव पोचलं ते जलशांतून आणि लोकनाट्यातून. सत्यशोधक जलसे, आंबेडकरी जलसे, मग १९४४ मध्ये अण्णाभाऊ, अमर शेख आणि गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक. अण्णाभाऊंनी तमाशाचा सांगाडा ठेवला आणि आतलं बदललं. गणातलं गणेशवंदन जाऊन मायभूला वंदन आलं, गौळण गळाली, बतावणी (विनोदी संवाद) आणि वग (मुख्य नाट्य) मात्र धारदार झाला.

या मोसमासाठी त्याचा उपयोग असा की त्याला नेपथ्य लागत नाही. ढोलकी, तुणतुणं, डफ, झांज आणि मागे झीलकरी, म्हणजे ध्रुवपद उचलून धरणारे साथीदार. ४ फुटांच्या विंगांत फ्लॅट (नेपथ्याच्या उभ्या चौकटी) ठेवायला जागाच नाही, त्यामुळे हाच प्रकार तुमच्या रंगमंचाला सोयीचा. डफ मात्र पावसाळ्यात ढिला पडतो. जुलैतला प्रयोग असेल तर डफ शेकायला विंगेमागे विजेची छोटी शेगडी ठेवा, पडद्यापासून निदान ६ फूट लांब, आणि तिच्यापाशी एक माणूस कायम उभा. उघडा जाळ अजिबात नको.

झीलकऱ्यांना उभं करताना अर्धवर्तुळ करू नका, तिरकी रांग करा. अर्धवर्तुळात टोकाचे दोघे एकमेकांकडे बघत गातात आणि आवाज विंगेत जातो.

खालचा_सा

रांगेवरून आठवलं. ‘घाशीराम कोतवाल’ने १९७२ मध्ये माणसांच्या भिंतीचा जो वापर केला, तो प्रत्येक युवा गटाला शिकवावा असा आहे. तीच माणसं पडदा, तीच वस्ती, तीच सत्ता. नाटक करायचं म्हणत नाही, त्याला नाच-गाण्याची तयारी फार लागते आणि हक्कही आहेत. पण सोळा मुलांना खांद्याला खांदा लावून उभं करणं, भिंत उघडणं, बंद होणं, तिच्यातून एकाने बाहेर पडणं, एवढा व्यायाम रोज पंधरा मिनिटं केला तरी तालमीचं निम्मं काम होतं.

समूहाने बोलायच्या वाक्यांबद्दल: एकत्र बोललेलं वाक्य सुरुवातीला जुळतं आणि शेवटी फाटतं. ‘विचारलं नाही’ मधलं ‘ही’ सोळा वेगवेगळ्या क्षणी संपतं. उपाय असा. प्रत्येकाच्या संहितेत श्वासाच्या जागी पेन्सिलीने उभी रेघ. सगळ्यांच्या रेघा एकाच जागी. मग वाक्य कुजबुजत म्हणायचं, कुजबुजीत व्यंजनं स्पष्ट होतात. तीनदा कुजबुज, एकदा मोठ्याने. शेवटच्या अक्षरावर सगळ्यांनी अंगठा तर्जनीला टेकवायचा. आठवडाभरात फाटणं थांबतं, मग अंगठा काढून टाका.

मंचासमोरचे माइक जमिनीला चिकटवू नका, खाली इंचभर स्पंज ठेवा. नाहीतर संवादांपेक्षा पावलंच जास्त ऐकू येतात.

डिमर

विजेकडे कुणी बघितलं नाही. १००० वॉटचा हॅलोजन २३० व्होल्टवर साधारण ४.३५ अँपिअर ओढतो. १६ अँपिअरच्या सर्किटवर तीन दिवे म्हणजे १३, ठीक. चौथा लावलात की १७.४. कदाचित पाच मिनिटं चालेल आणि नेमक्या शेवटच्या प्रसंगात ट्रिप होईल. दोन सर्किटं म्हणजे हॅलोजन सहाच, आणि ध्वनियंत्रणा त्यांच्यापैकी एकावरही नको. डिमरची (उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्राची) घरघर स्पीकरमध्ये येते. ध्वनीसाठी सभागृहाचं वेगळं सर्किट मागा.

माझी शिफारस: समोरून चार हॅलोजन फ्रेनेल (मऊ कडेचा झोत देणारे दिवे), प्रत्येक सर्किटवर दोन, साधारण ४५ अंशांतून. बाजूने आणि मागून एलईडी पार, ते प्रत्येकी एक अँपिअरच्या आतच राहतात. रंग एलईडीवर, चेहरे हॅलोजनवर. चेहऱ्यावर थेट एलईडीचा थंड पांढरा टाकला तर सोळाही मुलं आजारी दिसतात. प्रत्येक टांगलेल्या दिव्याला स्वतंत्र पोलादी सुरक्षादोर हवाच, आणि तो बारभोवती फिरवून घेतलेला. दिव्याच्या कड्यातच अडकवून ठेवला तर त्याचा उपयोग नाही.

फोरमच्या वेळी प्रेक्षागृहातले दिवे ३० टक्क्यांवर ठेवा. अंधारातून कुणी उठून वर येत नाही. रंगमंचाला समोरून पायऱ्या नसतील तर ८ इंचांची लेव्हल (लाकडी चौथरा) आणि १६ इंचांची लेव्हल शेजारी-शेजारी लावा, कडांना पांढरी टेप.

पालकसभा

१८ च्या आतली सात मुलं आहेत, त्यांच्याबद्दल. व्यावसायिक बालकलाकारांसाठी जे नियम आहेत, त्यांत दिवसाला जास्तीत जास्त ५ तास, विश्रांतीशिवाय ३ तासांहून जास्त नाही, आणि पाच मुलांमागे निदान एक जबाबदार व्यक्ती असं म्हटलंय. हौशी गटानेही हेच माप धरावं. सात मुलं म्हणजे दोन व्यक्ती, त्यातली एक बाई. ही दोन माणसं दिग्दर्शक किंवा नट नकोत. त्यांचं काम फक्त मुलं.

पालकांचं संमतीपत्र विषयासकट घ्या. ‘नाटकात भाग घेण्यास परवानगी’ पुरत नाही. विषय कोणता, फोटो-चित्रफीत कुठे टाकणार, तालीम किती वाजता सुटणार, घरी कोण नेणार, सगळं लिहा. आणि संहितेचं वाचन पालकांसमोर ऑगस्टमध्येच करा. प्रयोगाला आठ दिवस असताना एका घरातून ‘आमची मुलगी हे बोलणार नाही’ आलं की प्रसंगच कोलमडतो. आधी आलं तर बोलता येतं, वाक्य दुसऱ्याला देता येतं.

एक नियम कडकपणे पाळावा: मुलाच्या घरात घडलेली गोष्ट त्याच मुलाच्या तोंडून रंगमंचावर येता कामा नये. प्रसंग दुसऱ्याला द्या, तपशील बदला. गाव छोटं आहे.

चौकट_मोडा

शेवटच्या नियमाला माझं पूर्ण अनुमोदन. वर लिहायला हवं होतं.

माळावरचा_मांडव

थोडं अवांतर, पण महत्त्वाचं: प्रमुख पाहुणे. राजकीय नाटकाच्या आधी सत्कार, नारळ, शाल, चार भाषणं, आणि सातचा प्रयोग पावणेआठला. शिवाय ज्या मंचावर सत्तेला प्रश्न विचारायचे तिथेच आधी सत्तेच्या खुर्च्या मांडलेल्या. मंचावर खुर्च्या मांडूच नका. आभार पत्रिकेत छापा आणि तिसऱ्या घंटेला पडदा वर घ्या. ज्यांनी मदत केलीय त्यांना सातव्या रांगेतल्या मधल्या खुर्च्या द्या, तिथून नाटक सर्वांत चांगलं दिसतं.

हौशी_भोपळे

सातव्या रांगेचा सल्ला मौल्यवान! वाचनखूण साठवली.

पडदा_वर

बारा-तेरा वर्षांच्या प्रेक्षकांना आणणार असाल तर ग्रिप्सचा विचार करा. बर्लिनमधली ही चळवळ मोहन आगाशे यांनी १९८६ मध्ये पुण्यात मराठीत आणली. त्यात लहान मुलांच्या भूमिका मोठी माणसं करतात, आणि परी-राक्षस नसतात, घर-शाळेतले खरे प्रश्न असतात. तुमच्या मोठ्या नटांसाठी हा चांगला धडा आहे: मूल ‘करून दाखवायचं’ नाही. बोबडं बोलणं, उड्या मारणं बंद. फक्त मुलाची निकड धरायची, त्याला आत्ता काय हवंय ते.

विंगेतून

निवडणुकीचंही बघून ठेवा. आचारसंहिता लागली की सार्वजनिक सभागृहांच्या परवानग्या अडतात, जागा मतदानाच्या कामासाठी ताब्यात घेतली जाऊ शकते, आणि राजकीय विषयाच्या नाटकावर नजर जास्त असते. आरक्षण करतानाच पर्यायी तारीख लिहून घ्या. उघड्यावर काही करणार असाल तर ध्वनिक्षेपक रात्री १० ला बंद, म्हणजे प्रयोग ८ च्या आत सुरू व्हायला हवा. पथनाट्य असेल तर जमावबंदीचा आदेश चालू आहे का ते पोलीस ठाण्यात आधी विचारा आणि लेखी परवानगी खिशात ठेवा.

तिसरी_घंटा

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलंय ते असं:

जुलै: ‘कीचकवधा’तल्या निवडक प्रवेशांचं अभिवाचन, मोठे नट, नेपथ्य नाही. सप्टेंबर: अण्णाभाऊंचं लोकनाट्य. नोव्हेंबरअखेर: युवा गट, ७५ मिनिटं. त्यात पहिली ४५ मिनिटं ‘तृतीय रत्न’ची संपादित आवृत्ती, सहा विदूषकांसह, पाद्री ठेवून. मग मुलांनी उभारलेला १२ मिनिटांचा प्रसंग, आणि उरलेला वेळ फोरम. जानेवारी: चौथं नाटक, हयात लेखकाचं, पत्र लिहायला घेतलंय. तिकीट ५० रुपये सगळ्याला.

विदूषकाचा दुवा दोन्ही भागांना जोडतो हे वरच्या दोन विरोधी प्रतिसादांतून सुचलं. फोरमचा जोकर त्या सहांपैकीच एक असेल.

शिक्कामोर्तब

दोन दुरुस्त्या. सप्टेंबरला ५० रुपये तिकीट लावलंत तर अण्णाभाऊंच्या वारसांची लेखी परवानगी हवी, ते २०२९ अखेरपर्यंत हक्कात आहे. एकतर तो प्रयोग मोफत करा आणि एक शब्दही बदलू नका, नाहीतर आजच पत्र पाठवा. दुसरं, प्रमाणपत्र चारही प्रयोगांचं बघावं लागेल. मोफत ठेवलं म्हणून ते टळत नाही, कॉपीराइटची सूट आणि हे प्रमाणपत्र यांचा एकमेकांशी संबंध नाही.

चौकट_मोडा

जोकर विदूषकातलाच, हे फार आवडलं. पण मग त्याला पहिल्या ४५ मिनिटांत कमी वाक्यं द्या. जो तासभर शेरे मारत होता, तो अचानक ‘मी मत देणार नाही’ म्हणाला तर प्रेक्षक गोंधळतात. शेवटची पाच मिनिटं त्याने गप्प बसून फक्त बघावं, म्हणजे पुढे येताना तो प्रेक्षकांच्या बाजूचा वाटेल. आणि १८ मिनिटांचा फोरम अपुरा आहे. एका प्रेक्षकाच्या प्रयत्नाला चार मिनिटं जातात, निदान पाच प्रयत्न व्हायला हवेत. २५ मिनिटं ठेवा, नाटक ४० वर आणा.

विदूषक_अठराशेपंचावन्न

४० मिनिटं जमतील. पाद्री-जोशी वादातले धर्मग्रंथांचे दाखले कमी करा, तिथे सहा-सात मिनिटं वाचतात. दाण्यांच्या प्रसंगाला हात लावू नका.

तिसरी_घंटा

नाही लावत. पायली मिळाली आहे, पितळेची. अभिवाचन मोफत ठेवतो, अण्णाभाऊंसाठी पत्र आज जातंय. डिमर, समोरच्या बाल्कनीच्या कठड्यावर दिवे लावले तर कोन ३० अंशांच्या आसपास येतो, चालेल का?

डिमर

चालेल, पण सावल्या मागच्या पडद्यावर पडतील. नटांना पडद्यापासून ६ फूट पुढे ठेवा आणि मागून दोन एलईडी पार खाली तिरके सोडा, सावल्या पुसट होतात. माणसांची भिंत करणार असाल तर ती रेघ खडूने आधीच आखून ठेवा.